पऱ्हाटीचा कोळसा : गोठ्यातून मातीत

कापूस वेचून झाला की अकोल्याकडे पऱ्हाटी उपटून जाळतात. झाडाने हवेतून घेतलेला कार्बन धुरावाटे परत हवेत जातो. तीच पऱ्हाटी कमी हवेत भाजली, तर कोळसा मिळतो. त्याला बायोचार म्हणतात. तो मातीत लवकर कुजत नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील एका शेतकऱ्याचा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्याने गायींना रोज सुमारे ३३० ग्रॅम कोळसा मळीत कालवून दिला. तो शेणातून बाहेर पडला आणि शेणकिड्यांनी जमिनीत पुरला. वर्षाला गायीमागे सुमारे १२० किलो कोळसा होतो. त्यातला एक किलो कार्बन मातीत टिकला, म्हणजे साडेतीन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेबाहेर राहिला.

परंतु आपण त्याच शेणाच्या गोवऱ्या थापून जाळल्या, तर सारा साठा चुलीत जाईल. शेण खत होऊन शेतात गेले, तरच हिशेब जुळतो.

दुधाचा किंवा कोळशाचा धंदा करणाऱ्या बांधवांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रंगवलेल्या लाकडाचा किंवा फवारणीच्या औषधाचा अंश असलेल्या पऱ्हाटीचा कोळसा जनावरांना देऊ नये. कोळसा औषधही शोषून घेतो; म्हणून आधी गुरांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.