रशियनचे पहिले वर्ष : किती यायला हवे?

प्रश्न : मुलीने पदवीला रशियन घेतले आहे. वर्षअखेर तिला नेमके काय यायला हवे?

उत्तर : लिपीची धास्ती नको. ३३ अक्षरे दोन-तीन आठवड्यांत वाचता येतात. फक्त रोमन ‘पी’सारखे दिसणारे अक्षर ‘र’ आहे, ‘एच’सारखे दिसणारे ‘न’, हे डोळ्यांत बसावे लागते. हस्ताक्षरातली वळणे छापील अक्षरांहून वेगळी असतात. ती सुरुवातीलाच गिरवून घ्यावीत.

खरी मेहनत विभक्तीची. मस्क्वा म्हणजे मॉस्को. ‘मॉस्कोत’साठी ‘व मस्क्व्ये’, ‘मॉस्कोहून’साठी ‘इझ मस्क्वी’. शब्दाचे शेपूट बदलते, ही गोष्ट मराठी मुलांना परकी नाही. तीन लिंगेही आपल्याकडे आहेतच. रशियनमध्ये तर बहुतेक नामांचे लिंग शेवटच्या अक्षरावरून कळते. सहाही विभक्तींचे तक्ते पाठ असण्यापेक्षा त्यांची नेहमीची रूपे बोलताना चटकन तोंडी येणे मला महत्त्वाचे वाटते.

आघाताकडे मात्र दुर्लक्ष नको. ‘मोलोको’ लिहितात, उच्चार ‘मलाको’च्या जवळ जातो, कारण आघात शेवटच्या ‘को’वर आहे. म्हणून नवा शब्द आधी ऐकावा, मग लिहावा.

रशियाच्या अधिकृत परीक्षेच्या प्राथमिक पातळीला सुमारे ७८० शब्द लागतात. तेवढ्यात स्वतःची ओळख, घरचे, दिनक्रम, खरेदी, पत्ता विचारणे एवढे व्हावे. क्रियापदांच्या पूर्ण-अपूर्ण जोड्यांची तोंडओळख पुरे. टॉलस्टॉय मुळातून वाचण्याची अपेक्षा पहिल्या वर्षी तिच्याकडून कृपया ठेवू नका.