गुड फ्रायडेच्या शुभेच्छा

डोंगरकड्याहून फोन करतेस आणि पहिलंच वाक्य, ‘ताई, घरी सांगू नकोस.’ अगं, ख्रिस्ती मासिकात काम करायचंय, सगळ्या धर्मांच्या माणसांबद्दल लिहायचंय, एवढंच ना? आजी म्हणेल, पोरगी बाटली. तिला म्हणावं, आपल्या जिल्ह्यातल्या नर्सीच्या नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहेबात आहेत, आणि त्या ग्रंथापुढे तू नांदेडला जाऊन माथा टेकवून आलीस, तेव्हा नाही बाटलीस ती?

आता माझी फजिती ऐक. दैनिकात नवीनच होते, रात्रपाळी. पान सोडायची घाई, कोपऱ्यात चौकट रिकामी. टाकलं, ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा!’ सकाळी एका पाळकांचा फोन. आवाज अगदी शांत. ‘बाई, येशूला क्रुसावर खिळलं तो हा दिवस. तुम्ही कुणाच्या दहाव्याला शुभेच्छा देता का?’ त्या दिवशी मला डबा गोड लागला नाही.

म्हणून सांगते, कॅमेरा नंतर. आधी त्यांचे शब्द शीक. कॅथलिकांची मिस्सा, प्रॉटेस्टंटांची उपासना. पाळकांना बायकामुलं असतात, कॅथलिक फादर अविवाहित. फादरना पत्रात ‘सहकुटुंब यावे’ लिहिलंस की संपलंच!

नगरला ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं १८४२ साली. पुढे त्याचा मराठी विभाग रेव्हरंड टिळकांनी सांभाळला. ख्रिस्ती भजनं त्यांनी अभंगात, ओवीत बांधली, कारण मराठी माणसाच्या कानाला काय ओळखीचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वसईचे फादर दिब्रिटो १९८३ ते २००७ ‘सुवार्ता’चे संपादक. चर्चच्या मासिकाचा हा संपादक हरित वसईच्या लढ्यातही उतरला. २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हाही ‘धर्मगुरू कसा अध्यक्ष?’ म्हणणारे निघालेच. तुलाही दोन्हीकडून ऐकावं लागेल. इकडचे म्हणतील प्रचारक, तिकडचे म्हणतील, ही आपली नाही, हिला काय कळतंय.

पगार बेताचा असतो, खोटं कशाला सांगू! शिवाय छोट्या मासिकात बातमी तूच लिहायची, मुद्रितशोधनही तूच करायचं, आणि वर्गणी संपलेल्यांना फोनही तुलाच लावावे लागतात. शिकायला मुंबईलाच जायला पाहिजे असं नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात माध्यमांचं शिक्षण आहे. वर्षभर एखाद्या दैनिकासाठी कळमनुरीच्या बातम्या दे, हात बसेल. नोकरी धरताना मात्र संपादकांना तोंडावर विचार, ‘मी बातमी लिहायची की माणसं वळवायची?’ उत्तर देताना गडबडले तर नमस्कार करून बाहेर ये.

आणि हे तर वहीतच लिहून ठेव. ‘साक्ष’ म्हणून लोक आपल्या श्रद्धेची कहाणी सांगतात. भरभरून सांगतात, फोटोही काढू देतात. तू लगेच छापू नकोस. राष्ट्रपतींच्या १९५०च्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. तुझ्या एका फोटोवरून कुणाच्या पोराचं प्रमाणपत्र अडकू शकतं. नाव छापू का, हे दुसऱ्या दिवशी परत जाऊन विचार, आणि बाई असेल तर एकटीला गाठून विचार. चार माणसांत बाई ‘हो’च म्हणते.

घरी तूच सांग, मी नाही सांगणार. आधी आजीला. नर्सीच्या वारीहून परतेल ना, तेव्हा पाय चेपता चेपता विषय काढ.