दुधाच्या गुणाचा पत्ता कसा लावतात?



आपल्या भागात उसाच्या जोडीला दावणीला दोन-चार जनावरे नाहीत असे घर विरळाच. गाळप हंगामात वाढ्यावर जनावर पोसते, आणि उसाचे बिल हाती येईपर्यंत किराणा भागतो तो दुधाच्या पगारावर. हल्ली रेतन करायला येणारा माणूस "ही जीन तपासलेल्या रेड्याची कांडी आहे" असे सांगू लागला आहे. हा जीन म्हणजे काय, तो कुणी आणि कसा शोधला, आणि त्याच्या भरवशावर किती पैसे मोजायचे, हे समजून घेण्यासाठी हा लेख. थोडा हिशेब येईल, पण शेअरचा हिशेब ठेवणाऱ्याला तो जड जाणार नाही.

आधी आपल्या उसाकडे बघू. को ८६०३२ ची कांडी लावली की को ८६०३२ च उगवतो. एकरात हजारो बेटे असली तरी सगळ्यांचे रक्त एकच. टनेज कमी पडले तर दोष पाण्याचा, खताचा, जमिनीचा किंवा तोडीला झालेल्या उशिराचा. जनावरात तसे नसते. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, म्हशीत अशा २५ जोड्या, गाईत ३० आणि मेंढीत २७. रेड्याच्या जोडीतली एकच प्रत पारडीला मिळते, आणि तीसुद्धा दोन्ही प्रतींचे तुकडे जोडून तयार झालेली. पत्ते पिसल्यासारखा हा प्रकार आहे. म्हणून एकाच रेड्याच्या, एकाच म्हशीच्या दोन पारड्यांत एक कासेला भरून देते आणि दुसरी जेमतेम तांब्याभर. शेतकऱ्याला ही पिसणी डोकेदुखी वाटते, पण जीन शोधणाऱ्याचे सगळे काम तिच्यावरच चालते.

ते कसे? मुंबईला मुलाकडे किंवा पाहुण्यांकडे गेलेल्यांना लोकलची लाइन माहीत असेल: अंधेरी, जोगेश्वरी, राम मंदिर, गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली. गुणसूत्र म्हणजे असा एक मार्ग समजा. स्टेशनांच्या पाट्या म्हणजे रक्ताच्या किंवा केसाच्या नमुन्यातून प्रयोगशाळेत वाचता येणाऱ्या खुणा. पाटी स्वतः काही करत नाही, ती फक्त जागा सांगते. आपल्या रेड्याकडे असे दोन मार्ग आहेत, एक त्याच्या बापाकडून आलेला आणि एक आईकडून. एकाच्या पाट्या लाल, दुसऱ्याच्या हिरव्या धरू. पारडीला जो मार्ग मिळतो तो अंधेरीपासून गोरेगावपर्यंत लाल आणि मालाडपासून पुढे हिरवा, असाही असू शकतो. सांधा कुठेही पडतो. पण गोरेगाव-मालाडच्या मधल्या एवढ्याशा अंतरात तो पडण्याचा संभव थोडा, अंधेरी ते बोरिवली एवढ्या अंतरात जास्त. म्हणून मार्गावर जवळ असणाऱ्या दोन गोष्टी बहुधा जोडीनेच पुढच्या पिढीत उतरतात.

समजा दुधावर परिणाम करणारा एक जीन मालाडच्या आसपास आहे. मग रेड्याच्या सगळ्या पारड्या मोठ्या होऊन व्यायल्यावर त्यांचे दोन गट पाडायचे. मालाडची लाल पाटी मिळालेल्या एका बाजूला, हिरवी मिळालेल्या दुसऱ्या बाजूला. दोन्ही गटांच्या सरासरी दुधात फरक दिसेल. अंधेरीच्या पाटीवरून गट पाडले तर तोच फरक फिका पडेल, कारण मधे सांधे पडून रंग मिसळलेले असतात. ही कल्पना आजची नाही. १९२३ साली कार्ल सॅक्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने घेवड्याच्या बियांचा रंग आणि त्यांचे वजन यांची अशीच सांगड घातली होती.

आता खरी मेख. दिसलेला फरक खरा की योगायोगाचा? समजा एका रेड्याच्या ६० पारड्या आहेत. लाल पाटीच्या ३० पारड्यांची सरासरी रोज ९.६ लिटर, हिरव्या ३० जणींची ८.८ लिटर. फरक ०.८ लिटर. ऐकायला भला मोठा. पण एकेका पारडीच्या दुधात सरासरीपासून दोनेक लिटर इकडेतिकडे होतेच. अशा वेळी ३०-३० च्या दोन गटांत निव्वळ योगायोगानेच अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. म्हणजे आपला ०.८ लिटर त्याच्या दीडपट, फार तर संशयाला जागा. आता तीच सरासरी ३००-३०० पारड्यांवर आली तर योगायोगाची चूक १६० मिलिलिटरवर येते आणि आपला फरक तिच्या जवळजवळ पाचपट होतो. तिथे शंका उरत नाही. ध्यानात ठेवायचे ते एवढेच की चूक निम्मी करायला जनावरे दुप्पट नव्हे, चौपट लागतात.

आणखी एक पाचर आहे. वीसात एकदा योगायोगाने घडेल एवढ्यावर समाधान मानले आणि २०० खुणा तपासल्या, तर काहीही नसताना दहा ठिकाणी "सापडला, सापडला" अशी आवई उठेल. आकडा लावणारा रोज एखादा आकडा बरोबर सांगतो, तसेच हे. म्हणून या शास्त्रात कसोटी कडक ठेवतात. जीन तिथे आहे असे मानले तर आपली आकडेवारी मिळण्याची शक्यता, नाही असे मानण्यापेक्षा निदान हजारपट जास्त हवी, असा जुना दंडक आहे. १९८९ मध्ये लँडर आणि बॉटस्टाइन या दोघांनी एकेका पाटीऐवजी लागोपाठच्या दोन पाट्या एकत्र घेऊन मधली प्रत्येक जागा तपासायची रीत दिली. तोवर लहान जीन पाटीजवळ आहे की मोठा जीन लांब आहे, हे उलगडत नसे. दोन बाजूंच्या पाट्या धरल्यावर "गोरेगाव आणि मालाडच्या मधे, मालाडकडे सरकून" इतपत पत्ता लागू लागला.

गोरेगावचे नाव घेतले ते उगीच नाही. मुंबईच्या उपनगरात, गोरेगाव पूर्वेला आरे दूध वसाहत आहे. १९४९ साली ती सुरू झाली, १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने शहरातल्या कोंदट तबेल्यांतल्या म्हशी तिथे हलवल्या गेल्या. तीन हजार एकरांहून अधिक जमीन, तीसेक गोठे, पंधरा-सोळा हजार म्हशी. म्हशी गवळ्यांच्या मालकीच्या, जागा सरकारची, दूध सरकारी योजनेला. मुऱ्हा, मेहसाणा, जाफराबादी, सुरती अशा नामांकित जातींच्या, ताज्या व्यायलेल्या म्हशी हरियाणा आणि गुजरातेतून निवडून आणलेल्या. रोजचे दूध मापले जात होते, फॅट लागत होती. एवढी मोठी संख्या, एका आवारात, मोजमापासह! जीन शोधायला याहून चांगली जागा कुठली, असे कुणालाही वाटेल.

पण तिथे तो शोध लागण्यासारखा नव्हता. म्हशीचा बाप कोण, हे घेणाऱ्यालाही माहीत नसे आणि विकणाऱ्यालाही. मुंबईत जागेचे आणि वैरणीचे भाव असे की भाकड म्हैस सांभाळण्यापेक्षा ती काढून टाकून नवी विणलेली आणणे गवळ्याला परवडे. भाकडांना पुन्हा गाभण करून वाचवायच्या योजना झाल्या, तरी पुष्कळशा म्हशी एका वेतानंतर कसायाकडे गेल्या. पारड्यांचे हाल तर विचारू नका, दुधाचा घोट त्यांच्या तोंडी जाण्यापेक्षा बाटलीत जाणे फायद्याचे. परिणाम असा की दूध मोजले ते आईचे, आणि त्या आईचे ना आधीचे कुळ ठाऊक, ना पुढची लेक जिवंत. पिसलेले पत्ते वाटले, पण कुणाला कुठला गेला हे लिहिलेच नाही. वर हरियाणा-गुजरातेतल्या चांगल्यात चांगल्या म्हशी अशा रीतीने वंश न ठेवता संपल्या, हे नुकसान वेगळेच. माझ्या मते मुंबईच्या दुधासाठी देशाने मोजलेली ही किंमत त्या काळच्या कुठल्याच ताळेबंदात धरली गेली नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या उसाच्या पट्ट्यातच आहे, फलटणला. निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातली गॅरोल जातीची लहानखुरी मेंढी १९९० च्या दशकात आणली. आपली दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते, गॅरोलला जुळी नेहमीची. या गुणामागचा जीन आधी ऑस्ट्रेलियात हिशेबाने ओळखला गेला होता. तिथल्या बुरुला नावाच्या मेरिनो कळपात काही मेंढ्या एका वेताला चार-पाच कोकरे देत. १९८० च्या सुमारास तिथल्या आणि न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी लेकींच्या नोंदी तपासल्या. काही मेंढ्यांच्या लेकी सरळ दोन गटांत पडत होत्या, निम्म्या साध्या आणि निम्म्या बहुप्रसव. गुण अनेक लहान जीनांचा असता तर असा चिरफाळा पडला नसता, सगळे मधेमधे रेंगाळले असते. म्हणजे हे एकाच मोठ्या जीनाचे काम. १९९३ मध्ये तो सहाव्या गुणसूत्रावर असल्याचे कळले, आणि २००१ मध्ये नेमके एका अक्षराचे फरकस्थान सापडले. नोंदवहीतल्या शंकेपासून नेमक्या अक्षरापर्यंत वीसेक वर्षे लागली. १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून जहाजाने ऑस्ट्रेलियाला मेंढ्या गेल्या होत्या, त्यांच्यातूनच हा जीन तिकडे पोचला असावा असा कयास होता. गॅरोलमध्ये तोच जीन निघाल्यावर त्याला बळ आले.

फलटणला या तपासणीचा उपयोग असा झाला की नर कोकराच्या लेकी मोठ्या होऊन व्यायची वाट पाहावी लागली नाही. रक्ताच्या थेंबावर नर निवडता आला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची या कामात मदत झाली. दख्खनी शरीर आणि गॅरोलचा एक जीन असा मेळ घालून तयार झालेल्या मेंढ्या 'नारी सुवर्णा' नावाने धनगरांच्या कळपांत गेल्या. आई लेकरांना पाजू शकली पाहिजे, हे पथ्य मात्र आहे. जुळे परवडते, तिळ्यात एखादे हातचे जाते.

दुधाचे काय? इथे बहुतेकांची निराशा होईल. दूध हा एका जीनाचा गुण नाही. शेकडो जीन आपापला चमचा-चमचा घालतात. १९९५ मध्ये परदेशातल्या होल्स्टीनच्या १४ कुळांतले दीड हजारांवर वळू तपासले, तेव्हा पाच गुणसूत्रांवर दुधावर परिणाम करणाऱ्या जागा दिसल्या, आणि हे प्रत्येक वळूच्या लेकींचे दूध वर्षानुवर्षे लिहून ठेवलेले होते म्हणून. मोठा म्हणावा असा एक सापडला तो चौदाव्या गुणसूत्रावरचा डीगॅट-१, २००२ साली. त्याचे एक रूप दुधात फॅट वाढवते आणि दूध थोडे कमी करते, दुसरे रूप नेमके उलट. आता मजा पाहा. आपल्या म्हशींच्या आणि देशी गाईंच्या ज्या जाती तपासल्या, त्यांत बहुतेक सगळीकडे फॅटवालेच रूप निघाले. सगळ्यांकडे एकच रूप असेल तर गट कसे पाडणार? हिशेबाला सापडतो तो फरक, जे सर्वांना समान आहे ते नाही. म्हणून म्हशीसाठी ही एक तपासणी कुणी विकायला आणली तर पैसे खिशातच ठेवावेत.

एचएफ आणि गीरच्या संकरित गाईंत दोन्ही रूपे असतात, तिथे तपासणीला अर्थ आहे. पण तिथे दुसरा चकवा. गीरचे रक्त जास्त असलेल्या गाईला फॅट जास्त आणि दूध कमी असायचेच. अशा गाईंत गीरकडून आलेली कुठलीही खूण धरली तरी ती फॅटचीच खूण वाटेल. चोपण जमिनीतला एक वाण आणि काळ्या कसदार जमिनीतला दुसरा वाण यांची तुलना करून वाण ठरवण्यासारखे ते होईल. म्हणून तुलना एकाच वळूच्या लेकींत, आणि शक्यतो सारख्या सांभाळात करायची.

शेकडो लहान जीनांचे पत्ते एकेक करून शोधायचे तर जन्म जाईल. २००१ मध्ये म्यूविसन, हेज आणि गोडार्ड यांनी सरळ सुचवले की पत्ता शोधूच नका. हजारो खुणा एकदम वाचा, प्रत्येकीला थोडा थोडा भार द्या आणि बेरीज करून वासराची किंमत ठरवा. अमेरिकेत होल्स्टीनसाठी २००९ पासून हीच पद्धत अधिकृत आहे. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम येथे पंतप्रधानांच्या हस्ते गाईंसाठी 'गौचिप' आणि म्हशींसाठी 'महिषचिप' देशाला देण्यात आल्या. रेतनवाला जीन तपासलेला रेडा म्हणतो तो बहुधा या रीतीचा. पण भार किती द्यायचा हे चिपला ठाऊक नसते. ते ठरते हजारो म्हशींच्या लिहिलेल्या दुधावरून आणि त्यांच्या बापाच्या नंबरावरून. परदेशातल्या गाईंवर ठरवलेले भार आपल्या म्हशीला चालत नाहीत.

त्यामुळे कानात पिवळा बिल्ला मारलेल्या जनावराचा बारा अंकी नंबर, रेतनाच्या दिवशी कांडीवरचा रेड्याचा नंबर आणि झालेल्या पारडीचा बिल्ला, या तीन गोष्टी एका ओळीत यायला हव्यात. दूध मोजणारा महिन्यातून एकदा येतो तेव्हा सकाळचे आणि संध्याकाळचे, दोन्ही वेळचे दूध मापून द्यावे. पाहुण्यांसमोर सांगतो तसा "बारा लिटर" असा गोल आकडा सांगू नये, आणि त्या दिवशी पारडीला जास्त पाजले असेल तर तेही सांगावे. आटलेल्या म्हशीची आटल्याची तारीख लिहून घ्यायला लावावी. कमी दूध देणारीचीही नोंद करावी. फक्त चांगल्या म्हशी लिहिल्या तर दोन्ही गट सारखेच दिसतात आणि रेड्याचा फरक बुजून जातो.