सळई, रोल आणि निर्देशक भूमिती

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतून सळया भरून निघालेले ट्रक आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्या सळईवर तिरपे उंचवटे असतात. त्यांच्यामुळे काँक्रीट तिला घट्ट धरून राहते. हे उंचवटे सळईवर कोणी कोरीत नाही. रोलिंग मिलमध्ये तापलेले पोलाद फिरत्या रोलांच्या खाचांतून दाबून नेतात आणि शेवटच्या रोलाच्या खाचेत जे कोरलेले असते, त्याचा ठसा सळईवर उमटतो. म्हणजे सळईचे रूप आधी रोलात आणि रोलाचे त्याहून आधी आराखड्यात ठरते. संगणकाच्या साहाय्याने आराखडा काढणे म्हणजे ‘कॅड’ आणि त्याच आराखड्यावरून यंत्राकडून वस्तू घडवून घेणे म्हणजे ‘कॅम’.

संगणकातील आराखडा हे केवळ चित्र नसते. त्यातील प्रत्येक बिंदू आकड्यांनी बांधलेला असतो. पोलाद थंड होताना आकसते, म्हणून खाच किंचित मोठी धरावी लागते. कागदावर १२ मिलिमीटरच्या जागी १६ मिलिमीटरची सळई करायची तर सारे पुन्हा रेखाटावे लागे. येथे मापांचे परस्परसंबंध आधीच बांधून ठेवले असतील, तर एक माप बदलताच त्यावर अवलंबून असलेली मापे आपोआप बदलतात.

पुढचे काम हत्याराचा मार्ग ठरविण्याचे. संगणकनियंत्रित लेथला तो मार्ग संकेतांत सांगतात : ‘जी ०१’ म्हणजे सरळ रेषेत कापत जा, ‘जी ०२’ व ‘जी ०३’ म्हणजे कंसाकार जा. ३० मिलिमीटर व्यासाचा गज ४० मिलिमीटर लांबीपर्यंत २५ चा करावयाचा असेल, तर हत्यार ‘एक्स २५’ वर आणून ‘जी ०१ झेड -४०’ अशी आज्ञा देतात. ४० ऋण का? कारण आरंभबिंदू गजाच्या पुढच्या तोंडावर मानलेला असतो आणि हत्यार तेथून आत जाते. ‘एक्स’चा आकडा बहुधा व्यासाचा असतो, त्रिज्येचा नव्हे, येथे गफलत झाली की गज वाया गेला. नववीच्या पुस्तकातील निर्देशक भूमिती ती हीच!

इतिहासाच्या शिक्षकाला एक गंमत वाटते. नावात ‘कॅड’ आधी येते, पण जन्म यंत्राच्या बाजूचा आधीचा. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत आकड्यांच्या आज्ञेवर चालणारे यंत्र १९५२ साली दाखविले गेले. त्याच्या आज्ञा कागदी फितीवर छिद्रे पाडून देत. पडद्यावर प्रकाशलेखणीने आकृती काढणारी इव्हान सदरलँड यांची ‘स्केचपॅड’ ही प्रणाली १९६३ ची.

पूर्वी लोखंडाचे व लाकडाचे ज्ञान ठरावीक घरांतच राही; बाहेरच्याने मागितले तरी मिळत नसे. आराखड्याची लिपी मात्र वर्गात शिकता येते. तरीही आपली कितीतरी मुले कारखान्यात जाऊन दुसऱ्याने लिहिलेल्या आज्ञांवर केवळ बटण दाबतात. माप चुकले तर चूक कोणत्या ओळीत आहे हे त्यांना सांगता येत नाही, आणि पगार तेथेच थांबतो. पालकांनी दहावीनंतर ‘मशीन चालवायला शिकव’ एवढेच न म्हणता ‘ड्रॉइंग वाचायला शिकवता का?’ असे संस्थेला विचारावे. छत्रपती संभाजीनगरचे इंडो-जर्मन टूल रूम हे केंद्र शासनाचे प्रशिक्षण केंद्र आपल्यापासून फार दूर नाही; तेथे साचे व हत्यारे घडविण्याची दहावीनंतरची पदविका आहे. प्रवेशाची चौकशी निकालाची वाट न पाहता करावी, आणि मुलींसाठीही करावी.