कॅनडा ‘करण्या’आधी

पालकहो, मेच्या सुट्टीत ‘कॅनडा करायचा’ म्हणणारी घरं आता फक्त पुण्या-मुंबईत राहिली नाहीत, नाशिक-सांगलीतही भेटतात. कुणाची बहीण ब्रॅम्प्टनला, कुणाचा दीर मिसिसागाला. भेटीगाठी होतील आणि देशही बघून होईल, असा बेत. यादी बहुतेक सगळ्यांची सारखीच असते: टोरंटो, नायगरा, मग विमानाने कॅल्गरी, बॅन्फ, जॅस्पर आणि शेवटी व्हँकुव्हर. बारा दिवसांत सगळं. ही यादी ऐकली की मला आधी मुलांचे चेहरे दिसतात.

हा देश भारताच्या तिप्पट आहे आणि माणसं जेमतेम चार कोटी. हे आकडे मुलांना पाठ असतात, पण आकड्यांवरून अंतर कळत नाही. नकाशाही फसवतो; सपाट कागदावर उत्तरेकडचे देश फुगून दिसतात. म्हणून घरात पृथ्वीगोल असेल तर तो काढा आणि मुलाच्या हातात दोरा द्या. आधी पुणे ते नागपूर मोजू दे, मग टोरंटो ते व्हँकुव्हर. एकटा ओंटारिओ प्रांत महाराष्ट्राच्या साडेतीन पट आहे. टोरंटोहून गाडी काढून पश्चिमेला थंडर बे गाठायला साधारण १,४०० किलोमीटर जावं लागतं आणि तरीही ओंटारिओ संपलेला नसतो. दोरा धरून हे कळलं की मुलं स्वतःच विचारतात, “मग आपण हे सगळं बारा दिवसांत कसं बघणार?” यादीवर कात्री चालवायला याहून चांगली वेळ नाही.

आता मे महिन्याचं. बॅन्फमधल्या लेक लुईझचे निळेशार फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. ते फोटो जून ते सप्टेंबरचे. मेच्या बहुतेक दिवसांत त्या तळ्यावर बर्फच असतो. शेजारच्या मोरेन लेकचा रस्ता साधारण जूनच्या सुरुवातीला उघडतो आणि २०२३ पासून तिथे खासगी गाडी नेताच येत नाही. आधी आरक्षण करून बसने जावं लागतं. आपल्या शाळा मात्र जूनमध्ये उघडतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मेमध्ये जाणार असाल तर बॅन्फ-जॅस्परचा रॉकी पर्वत सोडा. “एवढा खर्च करतोय, पुन्हा कधी जाणार?” हा प्रश्न मला माहीत आहे. पण टोरंटोचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं, कॅल्गरीचं त्याहून दोन तास. पहाटे तीनला टक्क जागं होणारं आणि दुपारी जेवणाच्या ताटावर पेंगणारं मूल घेऊन विमानतळांवर धावण्यात त्या खर्चाचं चीज होत नाही.

त्यापेक्षा पूर्वेला राहा. टोरंटो, नायगरा, अल्गोंक्विनचं जंगल, ओटावा. वेळ उरलाच तर पुढे दोनशे किलोमीटरवर माँट्रियल. शहर आणि रान दोन्ही पदरात पडतं. टोरंटोत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना ट्राम, बस, मेट्रो फुकट आहे, तेव्हा दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे शहरातला एक अख्खा दिवस सोपवा. कुठे जायचं, कोणती ट्राम, किती पैसे, सगळं त्याने ठरवायचं. आपण मागून चालायचं आणि रस्ता चुकला तरी पटकन बोलायचं नाही. हे जमणं आईबाबांनाच जड जातं!

ओटावात मेमध्ये ट्युलिपचा उत्सव असतो. फुलं बघून मुलं पाच मिनिटांत कंटाळतील, पण त्यामागची गोष्ट सांगा. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्सच्या राजकन्या युलियाना मुलींसह इथे आश्रयाला होत्या. १९४३ मध्ये त्यांची तिसरी मुलगी ओटावातच जन्मली. त्या उपकाराची आठवण ठेवून तिकडून दरवर्षी ट्युलिपचे कंद येतात.

जंगलासाठी तर मे फारच चांगला. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेलं मीठ बर्फाच्या पाण्याबरोबर कडेच्या चरांत साचतं आणि ते पाणी प्यायला मूस नावाची घोड्याएवढी हरणं अल्गोंक्विनमधल्या हायवे ६० च्या कडेला येतात. चावऱ्या काळ्या माश्याही याच दिवसांत येतात. पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या. माथेरानला माकडाला वेफर्स देणाऱ्या आपल्या मुलांना एक गोष्ट मात्र इथूनच शिकवून न्या. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत अस्वल-लांडग्यापासून १०० मीटर आणि मूससारख्या प्राण्यांपासून ३० मीटर दूर राहायला सांगतात. अल्गोंक्विन हे प्रांताचं उद्यान, पण अंतर तेच पाळा. खायला घालणं तर नाहीच. माणसाच्या खाण्याला चटावलेल्या अस्वलाला शेवटी बरेचदा मारावं लागतं, हे मुलांना खरं खरं सांगा. त्यांना ते समजतं.

आणखी एक. तिकडच्या शाळा जूनअखेरपर्यंत चालतात, त्यामुळे मेमध्ये मावस-चुलत भावंडं शनिवार-रविवारीच मोकळी असतील. व्हिक्टोरिया डेला सोमवार जोडून सुट्टी मिळते. जंगल त्यांच्याबरोबर बघायचं तर राहण्याची सोय फार आधी करा, कारण तेव्हा अर्धं टोरंटो बाहेर पडतं.

कागदपत्रांत पाहुण्यांना तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा लाभ नाही हे ध्यानात ठेवून विमा घ्या. आई किंवा बाबा एकटेच मुलाला नेणार असतील तर दुसऱ्याचं संमतिपत्र जवळ असू द्या. आठ वर्षांखालचं मूल असेल तर नातेवाइकांना गाडीत त्याच्या मापाची सीट लावून ठेवायला सांगा, मग ते “चालतं हो” म्हणोत. आणि व्हिसाचा अर्ज मार्चपर्यंत रेंगाळू देऊ नका, नाताळच्या सुट्टीतच भरून टाका.