कालबाह्य फंक्शनांची नोंद कशी असावी?

रस्ता बंद असल्याची पाटी लावली, पण पर्यायी रस्ता कोणता हे तिच्यावर लिहिले नाही, तर वाटसरूची अडचण तशीच राहते. संगणकाच्या प्रोग्रामिंग भाषांतही हा अनुभव येतो. या भाषांमध्ये ठरावीक काम करून देणारे तयार आज्ञासंच असतात. त्यांना ‘फंक्शन’ म्हणतात. कालांतराने एखादे फंक्शन सदोष ठरते. मात्र अनेक जुने प्रोग्राम त्यावर अवलंबून असल्याने ते एकाएकी काढून टाकता येत नाही. म्हणून प्रथम ते ‘कालबाह्य’ असल्याचे जाहीर करण्यात येते. याचा अर्थ असा की, ते अद्याप चालते. परंतु नव्या कामात त्याचा वापर करू नये.

‘सी’ भाषेतील ‘गेट्स’ या फंक्शनाचे उदाहरण बोधप्रद आहे. बाहेरून आलेली ओळ ते संगणकाच्या स्मृतीत साठवीत असे. परंतु जागा किती आहे, हे त्यास सांगण्याची सोयच नव्हती. शेराच्या मापात पायलीभर धान्य ओतले तर ते सांडणारच! २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर पसरलेल्या ‘मॉरिस वर्म’ने ज्या मार्गांनी संगणकांत शिरकाव केला, त्यांपैकी एक हाच होता. तरीही भाषेच्या प्रमाणकात हे फंक्शन २००७ साली कालबाह्य ठरले आणि २०११ साली वगळले गेले. ‘एफगेट्स’ या पर्यायी फंक्शनास जागेची मर्यादा सांगावी लागते.

उत्तम नोंदीत चार गोष्टी असाव्यात :

(१) कोणत्या आवृत्तीपासून फंक्शन कालबाह्य झाले;
(२) त्याचे कारण;
(३) पर्याय कोणता व त्यातील फरक;
(४) ते पुढे काढून टाकले जाणार आहे किंवा नाही.

‘जावा’ भाषेत यांपैकी पहिली व चौथी बाब खुणेतच नोंदविण्याची सोय २०१७ सालच्या नवव्या आवृत्तीपासून झाली.

तिसरी बाब विशेष महत्त्वाची होय. ‘पायथन’ भाषेतील ‘यूटीसीनाऊ’ हे फंक्शन ऑक्टोबर २०२३ मध्ये कालबाह्य ठरले. ते जागतिक प्रमाणवेळ देई, पण ती कोठली वेळ आहे याची खूण तिच्यासोबत नसे. ती भारतीय वेळ समजली गेल्यास हिशेबात साडेपाच तासांची चूक होते. नव्या पद्धतीत वेळेसोबत ही खूण असते. त्यामुळे जुनी व नवी वेळ यांतील आधीची कोणती, हे ताडून पाहू गेल्यास प्रोग्राम त्रुटी दाखवून थांबतो. हा फरक नोंदीत न लिहिल्यास, सूचना पाळणाराच अडचणीत येतो.

शिक्षकांनी जुन्या पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे या दृष्टीने तपासून घ्यावीत. संगणकाने दिलेली इशारासूचना दुर्लक्षून पुढे जाण्याची सवय विद्यार्थ्यांना लागू देऊ नये. कार्यालयांसाठी प्रोग्राम तयार करणाऱ्यांनीही आपल्या जुन्या फंक्शनांची अशीच नोंद ठेवावी. आज लिहिलेल्या चार ओळी उद्या त्या जागी येणाऱ्या कर्मचाऱ्याचे अनेक दिवसांचे श्रम वाचवितील.