तेल ओतले, मग पुढे?

शास्त्रपाठ : लूक 10:25–37



"पाड्यांवरच्या मुलांसाठी लवंगेचे, निलगिरीचे तेल पाठवू का?" असे तुमच्यापैकी काहींनी विचारले आहे. या प्रेमाबद्दल मी देवाचे आभार मानते. पण उत्तर देण्याआधी माझी एक चूक सांगायला हवी.

धडगाव तालुक्यातील एका पाड्यावर आम्ही आरोग्यवर्ग घेतो. एकदा बोलता बोलता मी म्हणाले, "लवंगेच्या तेलाने जंतू मरतात." पुढे पावसाळ्यात एक आई आपल्या सात वर्षांच्या मुलाला पाठीवर घेऊन आली. त्याच्या पायाला विळा लागला होता. बाजारातून बाटली आणून चार दिवस तिने तेच तेल जखमेवर चोळले होते. कातडी भाजल्यासारखी झाली होती, सूज घोट्याच्या वर चढली होती आणि अंगात ताप होता. ती म्हणाली, "ताई, तूच सांगितलं होतंस ना?"

मी खोटे सांगितले नव्हते, पण अर्धेच सांगितले होते. पूर्ण गोष्ट अशी आहे.

लवंगेच्या तेलात युजेनॉल, ओव्याच्या तेलात थायमॉल आणि गवती चहाच्या तेलात सिट्राल हे द्रव्य मुख्य असते. प्रत्येक जिवाणूभोवती एक पातळ, स्निग्ध पडदा असतो. ही द्रव्ये त्या पडद्यात मुरतात आणि तो सैल करतात. मग आतले क्षार व शक्ती बाहेर झिरपते आणि जंतू दुबळा होतो, कधी मरतोही. निर्माणकर्त्याने झाडाला स्वतःच्या रक्षणासाठी दिलेली ही ढालच आहे.

पण काही जिवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असते. त्यांच्यावर ही तेले कमी चालतात. शिवाय प्रयोगशाळेतील काचेची बशी वेगळी आणि मुलाचा पाय वेगळा. जखमेवर लावलेले तेल काही उडून जाते, काही रक्तात-पुवात अडकते. मांसात खोल शिरलेल्या जंतूंपर्यंत ते पोहोचत नाही. आणि ओवा चावणे वेगळे, ओव्याचे काढलेले तेल वेगळे. ते इतके तीव्र असते की कातडी पोळते. लहान मुलाने निलगिरीचे किंवा लवंगेचे तेल थोडेसे प्यायले तरी जिवावर बेतू शकते.

त्या मुलाला आम्ही त्याच दिवशी जीपने ग्रामीण रुग्णालयात नेले. जखम धुतली गेली, धनुर्वाताचे इंजेक्शन व प्रतिजैविके मिळाली. प्रभूच्या कृपेने पाय वाचला.

आता शास्त्रपाठाकडे पाहू. शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. ते तेल आपल्या बाटलीतले नव्हे, बहुधा जैतुनाचे असावे. पण मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. तो तेथेच थांबला नाही. त्याने जखमीला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, त्याची काळजी घेतली आणि पुढच्या खर्चाची हमी दिली. तेल ही त्याच्या दयेची सुरुवात होती.

म्हणून आता वर्गात मी क्रम सांगते : आधी साबण व स्वच्छ पाणी, मग स्वच्छ कापड, सूज, पू किंवा ताप दिसला की दवाखाना, आणि डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस गोळ्या. पाड्यावरच्या झाडपाल्याच्या ज्ञानाचा मी आदर करते. त्याला हसणे आपले काम नाही. पण विकतची तीव्र तेले उघड्या जखमेवर नकोत.

तेव्हा प्रियजनहो, तेलाच्या बाटल्यांऐवजी साबण, पट्ट्या आणि दवाखान्यापर्यंतच्या जीपचे भाडे पाठवा.

मननासाठी :
1. आपली मदत कोठे थांबते, तेल ओतण्यापाशी की उतारशाळेपाशी?
2. आपल्या अर्ध्या सल्ल्यामुळे कोणाला त्रास झाला आहे का?

प्रार्थना : हे प्रभो, आम्हांला शेवटपर्यंत सोबत चालणारे शेजारी कर. आमेन.